डफावरचा बँड आणि सरकारची बंदी

बँड म्हणजे गिटार-ड्रम एवढंच नाही मंडळी. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. विषय थेट: गिरणी कामगार, बंगालचा दुष्काळ. अमर शेख आपल्या शेजारच्या बार्शीचे. लातूरची जुनी छोटी रेल्वे तिथूनच जायची. मुंबई सरकारने पथकावर बंदी घातली. पथक थांबलं, शाहीर थांबले नाहीत. संयुक्त महाराष्ट्राचा लढा त्यांनीच गाजवला. 1956 ला आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला. 1969 मध्ये अण्णाभाऊ आणि अमर शेख दीड महिन्याच्या अंतराने गेले. नांदेड-लातूरच्या गावागावात म्हातारे शाहीर अजून आहेत. मोबाईल घेऊन जा, त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा.