फेनिल

दहावीच्या विज्ञानात ‘फेनतरण’ हा शब्द भेटला, तेव्हा तो कुणीतरी टेबलाशी बसून घडवलेला वाटला होता. खनिजाची पूड, पाणी, थोडं पाइन तेल. हवा सोडून घुसळलं की धातूचं खनिज फेसाबरोबर वर येतं, माती तळाला बसते.

पुढे कोल्हापूरच्या गुजरीत एका झारेकऱ्याची परात पाहिली. सराफी दुकानांची झाडलोट धुऊन सोनं काढणारा माणूस. कानशीचा तेलकट चुरा पाण्यावर तरंगत होता. त्याने रिठ्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकले आणि चुरा बुडाला. फेसाने बुडतं, मग तरतं कसं?

रिठ्याला संस्कृतात ‘फेनिल’ म्हणतात, इथेच मी अडकलो. ‘रिठा’ आला ‘अरिष्ट’वरून, अ-रिष्ट, म्हणजे ज्याला इजा नाही तो. संकट हा अर्थ त्याला नंतर चिकटला असावा. ‘फेस’ हा ‘फेन’चाच अपभ्रंश, असं सांगणारे भेटतात, पण ‘न’चा ‘स’ कसा झाला ते सांगत नाहीत. माझ्या मते तो फसफसण्याच्या आवाजातून आला.

परातीतलं कोडं शेपटीचं आहे. रिठ्यातल्या सॅपोनिनचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं, म्हणजे शेपूट, त्याला टाळतं. पाण्याला टाळणारं टोक चुऱ्यावरच्या तेलाला चिकटतं, पाणीवालं बाहेर राहतं. कण भिजतो, बुडतो. फेनतरणासाठी 1925 साली पेटंट झालेल्या झँथेट या रसायनाचं उलटं: गंधकाचं टोक खनिजाला धरतं, शेपूट बाहेर, म्हणून कण बुडबुड्याला बिलगतो.

खाणीची तेलकट पोती धुताना एका मास्तरणीला फेनतरण सुचलं, ही गोष्ट गोड आहे, पण खोटी. त्या गोष्टीतली कॅरी एव्हरसन डॉक्टरची बायको होती, तिचं पेटंट 1886चं. ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी 1877मध्येच ग्रॅफाइट तेलाने तरंगवलं होतं. मान त्यांचाच.

या शेपटीवाल्या रसायनांच्या घराण्यातलं शेंडेफळ म्हणजे फ्लोरिनची शेपूट. ती पाण्याला टाळते, तेलालाही. पाण्याचा पृष्ठताण मीटरला 72 मिलिन्यूटनवरून 20च्याही खाली आणते. तांब्या-सोन्याच्या खाणींत धातू जास्त हाती यावा म्हणून हीही रसायनं वापरली गेली. पण कार्बन-फ्लोरिनचा बंध निसर्गात तुटता तुटत नाही. त्यांतल्या पीएफओएसवर 2009मध्ये स्टॉकहोम करारात निर्बंध आले. रिठ्याचं पाणी मात्र माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आंबलं.

पेन्सिलीचं टोक कानशीवर घासा, पूड वाटीभर पाण्यावर भुरभुरा, मग रिठ्याच्या पाण्याचा एक थेंब सोडा. बुडेल ते बेसेल बंधूंनी तरंगवलेलं ग्रॅफाइटच.