व्हिस्टा, काका आणि हरवलेली उधारी

मार्च २००८. शनिवारची सकाळ. साताऱ्याहून काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा फोन. "अरे, तुझ्या प्रोग्रॅमला काय झालंय? नवीन रेट टाकतो, बिलात जुनेच येतात. इतके दिवस हाताने बदलत होतो, आता इयर एंडिंगला वेळ नाही."

काकांचं हार्डवेअरचं दुकान. हार्डवेअर म्हणजे आपलं नव्हे, खिळे-नळ-पाइपचं. २००४ साली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी त्यांना व्हीबी ६ आणि अ‍ॅक्सेसमध्ये बिलिंगचा प्रोग्रॅम करून दिला होता. एक्सपीवर तो तीन वर्षं विनातक्रार चालला. २००७ च्या पाडव्याला नवा कॉम्प्युटर आला, त्यात व्हिस्टा. मी सीडी पाठवली, काकांनी इन्स्टॉल केली, चालली. फक्त रेट बदलायचा छोटा प्रोग्रॅम उघडला की स्क्रीन काळवंडायचा आणि 'अनोळखी प्रोग्रॅमला तुमचा कॉम्प्युटर वापरायचाय' अशा अर्थाचा प्रश्न यायचा. काका मुकाट्याने 'अलाऊ' दाबायचे.

मी फोनवर तोच सल्ला दिला जो तेव्हा आम्ही सगळे देत होतो. "काका, कंट्रोल पॅनलमध्ये जा, यूएसी बंद करा आणि रीस्टार्ट करा." दहा मिनिटांनी पुन्हा फोन. आवाज बदललेला. "अरे, दिवाळीपासूनची सगळी बिलं गेली. उधारी दिसत नाहीये."

आता हे कसं झालं ते कळायला जरा मागे जायला हवं.

'कॉम्प्युटरवर कोणाला काय करू द्यायचं' हा प्रश्न यूनिक्सवाल्यांनी फार आधी सोडवला होता. रोजचं काम साध्या खात्यातून करायचं, आणि गरज पडली तर तेवढ्यापुरती मालकाची ताकद मागून घ्यायची. 'सुडू' ही आज्ञा १९८० च्या सुमाराची आहे. विंडोजचं घराणं मात्र दुभंगलेलं होतं. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीमध्ये खाती, परवानग्या सगळं होतं, पण ते ऑफिसांसाठी. घरात आलं ते विंडोज ९५ आणि ९८. तिथे कोणताही प्रोग्रॅम कुठल्याही फाइलला हात लावू शकायचा. वाड्याला दरवाजा होता, कडी नव्हती.

ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आलं आणि ही दोन घराणी एक झाली. म्हणजे घरच्या विंडोजलाही कडी बसली. पण इन्स्टॉल करताना जी खाती तयार व्हायची ती सगळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर! कारण सरळ होतं. ९५-९८ च्या सवयीचे हजारो प्रोग्रॅम साध्या खात्यात चाललेच नसते. आणि जुना प्रोग्रॅम मोडला तर लोक प्रोग्रॅमला नव्हे, विंडोजला शिव्या देतात. मायक्रोसॉफ्टने ही भीती फार मनावर घेतली होती. जोएल स्पोल्स्की यांनी २००४ च्या एका लेखात सिमसिटीचा किस्सा सांगितलाय. हा खेळ परत केलेली मेमरी पुन्हा वाचायचा. जुन्या विंडोजवर ते खपून जायचं, ९५ वर खेळ कोसळायला लागला. तेव्हा ९५ च्या टीमने खास सिमसिटी चालू असेल तर मेमरी वेगळ्या पद्धतीने द्यायची सोय केली. चूक खेळाची, दुरुस्ती विंडोजमध्ये.

असे लाड झाल्यावर आम्ही प्रोग्रॅमर कशाला सुधारतोय? 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्ये डेटा ठेवू नका, हा नियम विंडोज २००० च्या काळापासून कागदावर होता. मी तो वाचलाही नव्हता. काकांची अ‍ॅक्सेसची फाइल बरोब्बर तिथेच होती.

मधल्या काळात व्हायरस आणि वर्म्सनी लोकांना जेरीस आणलं. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कंपनीतल्या सगळ्यांना पत्र लिहून सुरक्षितता आधी, नवीन सोयी नंतर, असं बजावलं. त्या वळणावरचं मोठं फळ म्हणजे ३० जानेवारी २००७ ला सर्वांसाठी विक्रीला आलेलं व्हिस्टा, आणि त्यातलं यूएसी, अर्थात यूझर अकाउंट कंट्रोल. कल्पना छान होती. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने लॉगिन केलं की विंडोज त्याच्यासाठी दोन ओळखपत्रं बनवतं, एक साधं आणि एक पूर्ण अधिकाराचं. सगळं साध्यावर चालतं. मोठं काम निघालं की तुम्हाला विचारून दुसरं बाहेर काढतं. स्क्रीन काळवंडायचा तोही उगीच नाही. तो प्रश्न एका वेगळ्या डेस्कटॉपवर येतो, म्हणजे तुमच्या वतीने दुसरा कुठला प्रोग्रॅम 'हो' दाबू शकत नाही.

मग माझ्यासारख्यांच्या जुन्या प्रोग्रॅमचं काय? त्यांच्यासाठी दोन तडजोडी केल्या. पहिली अशी की, ओळख न सांगणारा जुना प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहायला गेला तर त्याला अडवायचं नाही, त्या फाइलची एक प्रत गुपचूप 'व्हर्चुअलस्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये, त्या यूझरच्या खात्यात काढायची, आणि प्रोग्रॅमला तीच दाखवत राहायची. दुसरी अशी की, जुन्या प्रोग्रॅमच्या नावात 'सेटअप', 'इन्स्टॉल' किंवा 'अपडेट' असा शब्द असेल तर तो इन्स्टॉलर समजायचा आणि परवानगी विचारून पूर्ण अधिकाराने चालवायचा.

रेट बदलायच्या माझ्या प्रोग्रॅमचं नाव होतं 'रेटअपडेट'.

आलं लक्षात? 'रेटअपडेट' पूर्ण अधिकाराने चालायचा, म्हणून नवे रेट खऱ्या फाइलमध्ये जायचे. बिलिंग साध्या अधिकारावर चालायचं, म्हणून बिलं गुपचूप प्रतीमध्ये जायची. एकाच दुकानाच्या दोन वह्या, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. मी यूएसी बंद करायला लावलं, त्याबरोबर ही प्रत दाखवण्याची सोयही बंद झाली आणि बिलिंगला एकदम दिवाळीच्या दिवसातली मूळ फाइल दिसायला लागली.

याहून वाईट पुढेच होतं. काका दर रविवारी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायचे, मीच लिहून दिलेल्या बॅच फाइलने. ती विंडोजची स्वतःची कॉपीची आज्ञा वापरायची. ही आज्ञा नव्या नियमांची, तिला खरी फाइलच दिसते. म्हणजे साडेचार महिने दर रविवारी ज्या फाइलचा बॅकअप झाला, तिच्यात दिवाळीनंतरचं एकही बिल नव्हतं. त्या काळात हार्ड डिस्क गेली असती तर?

दुपारची एसटी पकडून साताऱ्याला गेलो. व्हिस्टाच्या एक्सप्लोररमध्ये अशा फोल्डरला 'कम्पॅटिबिलिटी फाइल्स' असं एक बटण यायचं. यूएसी चालू केलं, ते दाबलं, आणि सगळी उधारी समोर. मावशीने चहा केला. रात्री दोनपर्यंत मी दोन्ही फाइली एक केल्या आणि डेटा योग्य जागी हलवला. काका एकदाही रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तो बिचारा इतके दिवस विचारत होता, आणि आपण नुसतं अलाऊ अलाऊ करत होतो."

गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात, एप्रिल २००८ मध्ये, मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस सॅन फ्रान्सिस्कोच्या आरएसए परिषदेत उघडपणे म्हणाले की यूएसी लोकांना त्रास व्हावा म्हणूनच आणलंय. ग्राहकाला वैताग आला की तो प्रोग्रॅमरचं डोकं खाईल, मग प्रोग्रॅमर सुधारतील. ऐकायला उद्धट वाटतं, पण उपाय लागू पडला. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी दिलेल्या आकड्यांनुसार, परवानगी मागणारे वेगवेगळे प्रोग्रॅम आणि कामं ७,७५,३१२ वरून १,६८,१४९ वर आली होती. आधी जवळपास निम्म्या सत्रांत प्रश्न यायचा, तो साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आला.

ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आलं, तेव्हा लोक म्हणाले, बघा, हे कसं सुरळीत चालतं! विचारण्याच्या चार पायऱ्या असलेली पट्टी आली होती, हे खरं. पण दोन-अडीच वर्षांत आम्ही प्रोग्रॅमर सुधारलो होतो, हेही तितकंच खरं. शिव्या व्हिस्टाने खाल्ल्या, श्रेय सातने घेतलं. तरी लाड संपले नव्हतेच. सातचा आतला आवृत्ती क्रमांक ६.१ ठेवला होता, कारण ७ बघून बिथरणारे प्रोग्रॅम शिल्लक होते. आजचं विंडोज ११ सुद्धा आतून स्वतःला १० च म्हणवतं. आणि २०२४ मध्ये विंडोजला अधिकृत 'सुडू' मिळालं. चव्वेचाळीस वर्षांनी!

असो. तो प्रश्न काकांना विचारला जात होता, पण उत्तर मी द्यायला हवं होतं. तेव्हापासून दोन नियम पाळतो. ग्राहकाने प्रॉम्प्टची तक्रार केली तर तो बंद कसा करायचा हे सांगण्याआधी तो का येतोय हे शोधतो. आणि बॅकअप घेतला की तो उघडून शेवटचं बिल कोणत्या तारखेचं आहे ते बघतो. तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?