नियमाला नाव देताना

उजळणीत पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यायची. बाजारात सव्वापटीचा हिशेब रोज लागतो, तर तो रोज नव्याने कशाला मांडायचा? एकदा पाढा करायचा, त्याला नाव द्यायचं आणि पुढे नावानेच बोलवायचं. या पुस्तकाचा विषय हाच आहे, फक्त पाटीच्या जागी नकाशा आहे.

हा नकाशा क्यूजीआयएसमधला. गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेली ही नकाशे करायची संगणकप्रणाली मोफत आहे. तिच्यात नकाशावरच्या प्रत्येक आकृतीमागे माहितीचा तक्ता असतो आणि त्या तक्त्याला प्रश्न विचारायची एक छोटी भाषा असते. पाठ्यपुस्तकात जिला राशी म्हणतात तिला इथे सगळे एक्सप्रेशन म्हणतात. क्षेत्रफळ, अंतर, तारखा यांसाठी शेकडो फंक्शनं तयार मिळतात. पण गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींचा नकाशा करायला बसलं की पहिल्याच दिवशी असा प्रश्न येतो, ज्याचं उत्तर त्यात नाही : ही इमारत उपकरप्राप्त असेल, तर कोणत्या वर्गातली?

१९६९च्या कायद्याने मुंबईच्या शहर बेटावरच्या जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवला. १ सप्टेंबर १९४०पूर्वी बांधलेल्या त्या ‘अ’ वर्गात, तेव्हापासून ३१ डिसेंबर १९५०पर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि पुढे ३० सप्टेंबर १९६९पर्यंतच्या ‘क’ वर्गात. मूळ यादीतल्या १९,६४२ इमारतींपैकी १६,५०२ एकट्या ‘अ’ वर्गातल्या. हा नियम जगातल्या दुसऱ्या कुठल्या शहराला लागत नाही, म्हणून तो तयार फंक्शनांत असणारही नाही. तो आपणच पायथन या संगणकभाषेत लिहायचा. तीन तुलना, चार-पाच ओळी.

मीही पहिल्यांदा एवढंच समजलो होतो. फंक्शनला नुसतं वर्ष दिलं, १९४० आलं की ‘अ’ म्हटलं, आणि नकाशा सुरेख रंगला. चूक नंतर ध्यानात आली. सीमा वर्षाच्या मधोमध आहे. ऑगस्टमध्ये पुरी झालेली चाळ ‘अ’, ऑक्टोबरमधली ‘ब’. कागदावर फक्त ‘१९४०’ असेल तर खरं उत्तर ‘ठरवता येत नाही’ हेच आहे, आणि फंक्शनने ते स्पष्ट सांगायला हवं. वर्गावरून उपकराचा दर ठरत आला आहे; रंग चुकला तर कोणाच्या तरी घराची नोंद चुकते.

रिकाम्या रकान्याचीही तीच गोष्ट. फंक्शनला द्यायचा एखादा रकाना रिकामा असेल तर क्यूजीआयएस सहसा तुमच्या फंक्शनला विचारतसुद्धा नाही, उत्तर रिकामं सोडून पुढे जातं. हे थांबवायची सोय आहे, पण ती मागून घ्यावी लागते. १९७५ची इमारत, तारीख हरवलेली इमारत आणि १९४०ची इमारत या तिघींचं उत्तर ‘रिकामं’ असं एकच येणं मला मान्य नाही. या पुस्तकात मी त्यावर एक पूर्ण प्रकरण खर्च केलं आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

मुंबईला ही विद्या नवी नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० संगणक आला. त्या काळात शास्त्रज्ञांची गणितं ज्या फोरट्रान भाषेत चालत, तिच्या १९५७च्या पहिल्या आवृत्तीतच स्वतःचं फंक्शन एका ओळीत लिहायची सोय होती.

नियमातला आकडा कुठे ठेवायचा, हे पावसात पाणी तुंबण्यासाठी ओळखलं जाणारं हिंदमाता शिकवतं. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर नव्या कामांसाठी ताशी ५० धरायचं ठरलं. ज्याने पंचवीस एक्सप्रेशनांत ‘२५’ हाताने लिहिला असेल त्याला पंचवीस ठिकाणी खाडाखोड करावी लागेल, आणि एखादी तरी राहून जाईल. फंक्शनमध्ये तो एकदाच असतो.

वेगाविषयी एवढंच : माहिती मोठ्या डेटाबेसमध्ये असेल तर तयार फंक्शनांची गाळणी बरेचदा तिथेच लागते, आपल्या फंक्शनसाठी मात्र सगळ्या नोंदी इकडे आणाव्या लागतात. वीसेक हजार इमारतींना त्याने फारसा फरक पडत नाही.

एक आग्रह मात्र धरतो. फंक्शनसोबत लिहिलेला खुलासा एक्सप्रेशनच्या खिडकीत मदत म्हणून दिसतो. तो मराठीत लिहा, नियम कोणत्या कायद्यातला तेही लिहा. चाळ समितीचे सचिव किंवा तुमच्यानंतर तुमच्या खुर्चीवर बसणारी मुलगी ते वाचून म्हणू शकेल, ‘ही तारीख बरोबर नाही.’

पायथन येत नसेल तरी या. पहिल्या धड्यात चौरस वारांचे चौरस मीटर करणारं फंक्शन आहे : ०.८३६१ने गुणायचं, एवढंच. घरात जागेचा वारांतला जुना कागद असेल तर शेजारी घेऊन बसा.