मोटारगाडीच्या सांगाड्याचे दृढीकरण

मोटारगाडीचा भार पेलणाऱ्या आणि तिची चाके, एंजिन व काया यांना एकमेकांशी ठरावीक स्थितीत बांधून ठेवणाऱ्या संरचनेस सांगाडा किंवा चॅसिस म्हणतात. वाकण्यास व पिळले जाण्यास ही संरचना जो विरोध करते, त्यास तिची दृढता म्हणतात. वापर, गंज वा अपघात यांमुळे घटलेली दृढता भरून काढणे, अथवा मूळची दृढता वाढविणे, म्हणजे दृढीकरण होय. शर्यतीच्या गाडीत दुसऱ्या हेतूला प्राधान्य असते. रोजच्या वापरातील जुन्या गाडीत पहिल्याला असते. मुंबईत सु. ६० वर्षे टॅक्सी म्हणून धावलेल्या फियाट ११०० डी व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या इतिहासावरून हे स्पष्ट होते.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्यांच्या चौकटी घोडागाड्यांच्या परंपरेतील असून पुष्कळदा लाकडी असत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दाबून आकार दिलेल्या पोलादी चौकटी रूढ झाल्या. पन्हळीसारख्या उघड्या छेदाच्या दोन लांब तुळया आडव्या तुकड्यांनी जोडून शिडीसारखी चौकट तयार करीत व तिच्यावर काया स्वतंत्रपणे बसवीत. अशी चौकट वाकण्यास चांगला विरोध करी. पीळ मात्र तिला फारसा सोसत नसे. मंद वेगाच्या व कडक पाट्यांच्या गाड्यांत हा दोष फारसा जाणवत नसे. उलट, खडबडीत रस्त्यावर चारही चाके जमिनीला टेकून राहण्यास चौकटीच्या लवचिकपणाची मदतच होई. १९३० नंतर पुढील चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा देण्याची पद्धत पसरली, तेव्हा चौकट पिळली की चाकांची दिशा बिघडते, हे ध्यानात आले. म्हणून चौकटीत फुलीच्या आकाराचे घटक घालणे व तुळयांची उघडी बाजू पत्र्याने बंद करणे, हे उपाय योजण्यात आले.

दरम्यान इटलीतील लान्चिया कंपनीने १९२२ मध्ये पुढे आणलेल्या लॅम्डा या गाडीत वेगळी चौकट न ठेवता कायेलाच भार पेलावयास लावले होते. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीच्या १९३४ च्या ट्रॅक्शन आव्हां या गाडीने हीच कल्पना वितळजोड केलेल्या पोलादी पत्र्यांच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणली. फियाट कंपनीची ११०० ही गाडी आरंभी वेगळ्या चौकटीवर बांधली जाई. १९५३ मध्ये आलेल्या ११००/१०३ या नमुन्यापासून तिची काया व सांगाडा एकजीव झाले.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ पासून ११०० डी हा नमुना आला आणि थोड्याफार फेरफारांसह तोच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखला जाऊ लागला. १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन, पुढे गुंडाळी स्प्रिंगा, मागे पाटे आणि सु. ९०० किग्रॅ. वजन अशी तिची रचना होती. याच काळात भारतात तयार होणारी जीप व मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड या गाड्यांना वेगळी चौकट होती; फियाट व अँबॅसडर यांना नव्हती. हा भेद दुरुस्तीच्या दृष्टीने मूलभूत ठरला. वेगळ्या चौकटीच्या गाडीचा पत्रा सडला, तरी तिचा कणा शाबूत राहू शकतो. एकजीव कायेच्या गाडीत मात्र दाराखालचा उंबरठा, तळाचा पत्रा व खांब हाच कणा असतो. त्यामुळे पत्र्याचे काम करणारा कारागीर, त्याला जाणीव असो वा नसो, गाडीच्या सांगाड्याचेच काम करीत असतो.

दृढतेचे तत्त्व : पातळ पत्र्याचा बंद छेद पिळास जो विरोध करतो, त्याचा अल्पांशच उघडा छेद करतो. २५ मिमी. त्रिज्येच्या व १ मिमी. जाडीच्या पोलादी नळीला लांबीभर एक चीर दिली, तर तिचे वजन जवळजवळ तेवढेच राहते. परंतु पिळाविरुद्धची दृढता गणिताने सु. १,८७५ पटींनी घटते. गाडीचा उंबरठा ही अशीच एक लांबट बंद पेटी होय. तिचा खालचा सांधा गंजून उकलला, की बाहेरून धडधाकट दिसणारी पेटी पिळाच्या दृष्टीने जवळजवळ निकामी होते. अशा गाडीचे एक चाक खड्ड्यात गेल्यास दाराच्या फटी कमीजास्त होतात, दारे नीट लागत नाहीत, काचांना तडे जाऊ शकतात व वळणावर गाडी चालकाच्या हाताला उशिरा प्रतिसाद देते. टक्कर झाल्यास प्रवाशांभोवतीचा भाग चेपण्याचा धोका वाढतो.

किनारी हवा व गंज : कुर्ल्याच्या कारखान्यापासून फार दूर नसलेले खारदांडा हे कोळी वस्तीचे गाव अरबी समुद्राच्या अगदी कडेला आहे. लाटांच्या तुषारांतून हवेत मिसळणारे मीठ किनाऱ्यालगत सर्वाधिक बसते व आत जावे तसे झपाट्याने कमी होते. मुंबई उपनगरांत वर्षाला सरासरी दोन हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते आणि त्यातील क्लोराइडामुळे गंजण्याची क्रिया वाढते. म्हणून खारदांड्यासारख्या ठिकाणी उघड्यावर उभी राहणारी गाडी न चालताही झिजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो व जोडलेले पत्रे एकमेकांपासून सारतो. ही क्रिया पेटीच्या आतून होत असल्याने रंग फुगून दिसेपर्यंत हानी पुष्कळ झालेली असते. टॅक्सीच्या बाबतीत टपावरील सामान व पुढील काळात डिकीत बसविलेली नैसर्गिक वायूची पोलादी टाकी यांचे ओझेही याच पेट्यांवर पडे.

कार्यपद्धती : गाडी एका दिवसासाठी उभी राहिली, तरी टॅक्सीचालकाची त्या दिवसाची कमाई बुडते. त्यामुळे सडलेल्या भागावर पुट्टी भरणे किंवा वरून पत्र्याचे ठिगळ लावून रंग देणे, याकडे कल होणे स्वाभाविक होते. परंतु पुट्टी भार पेलत नाही आणि ठिगळाखालचा गंज चालूच राहतो. योग्य पद्धतीत सडलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापतात. त्यापूर्वी गाडीचे वजन योग्य ठिकाणी टेकू देऊन उचलून धरणे व दाराच्या पोकळीत तात्पुरता तिरपा आधार जोडणे आवश्यक असते. अन्यथा काया वाकलेल्या स्थितीतच कायमची जोडली जाते. कर्णांची मापे जुळल्यावर आतील व बाहेरील पत्रे मूळ जाडीचेच घेऊन जोडतात. एका बाजूचा उंबरठा पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यास हात लावीत नाहीत. पाण्याच्या निचऱ्याची भोके मोकळी ठेवून पेटीच्या आत गंजरोधक मेण किंवा तेल फवारतात.

जाड पत्रा किंवा लोखंडी पट्ट्या जोडल्याने दृढता आपोआप वाढते, हा समज चुकीचा आहे. जाड तुकडा संपतो तेथे ताण एकवटतो व शेजारचा पातळ पत्रा तडकतो. जीपसारख्या गाडीच्या चौकटीवर जोडपट्टी लावताना तिची टोके निमुळती ठेवतात व तुळईच्या कडेवर आडवा जोड देण्याचे टाळतात, ते याच कारणाने. एंजिनावरून दोन्ही बाजूंस जोडणारा दांडा शर्यतीत उपयोगी पडू शकतो. पण उंबरठे सडलेल्या गाडीत तो फारसे साधत नाही. कित्येकदा सैल वाटणाऱ्या गाडीत दोष सांगाड्याचा नसून झिजलेल्या रबरी बुशांचा वा निकामी आघातशोषकांचा असतो. म्हणून प्रथम तेच तपासावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ निर्देशांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. दुरुस्तीत सांगाड्यावरील क्रमांक अबाधित ठेवावा लागतो.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. टॅक्सींसाठीची वयोमर्यादा २००८ मध्ये २५ वर्षे व २०१३ मध्ये २० वर्षे ठरविण्यात आली. ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत त्यानुसार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता उरलेल्या गाड्या खाजगी मालकांकडे आहेत. आजच्या अनेक गाड्यांची २०,००० न्यूटन-मीटर प्रति अंश वा त्याहून अधिक दृढता त्यांना लाभणे शक्य नाही व रोजच्या वापरास तिची गरजही नाही. मूळ पेट्या पुन्हा बंद व कोरड्या करणे, एवढ्याने त्या गाड्या रस्त्यावर भरवशाच्या राहतात.