मेल नावाची थैली

भुसावळचा माणूस मुंबईला उतरला की सांगतो, ‘हावडा मेलनं आलो.’ ऐकणाऱ्याला कळतं, बऱ्या गाडीनं आला, स्टेशनागणिक थांबणाऱ्या पॅसेंजरनं नव्हे. मेल ही आपल्याकडे गाडीची जात झाली आहे. त्या शब्दात टपाल दडलंय हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. रेल्वेच्या दरपत्रकात तर ‘मेल/एक्सप्रेस’ असा एकच रकाना आहे.

हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता थैली. आधी नुसती थैली, मग थैलीतली पत्रं, मग ती पत्रं नेणारी घोडागाडी आणि शेवटी आगगाडी, अशी त्याची बढती होत गेली. तो रुळांवर चढला ब्रिटनमध्ये. त्याच ब्रिटनमध्ये रॉयल मेलच्या स्वतःच्या टपालगाड्या ऑक्टोबर २०२४ मध्ये कायमच्या थांबल्या आणि भंगारात निघाल्या. म्हणून ही कुळकथा.

थैलीला घाई लावली ती एका नाटकवाल्यानं. बाथ आणि ब्रिस्टल इथं थिएटरं चालवणाऱ्या जॉन पामरला टपाल नेणाऱ्या घोडेस्वारांची रडतखडत चाल बघवेना. २ ऑगस्ट १७८४ रोजी दुपारी चारला त्याची टपालगाडी ब्रिस्टलहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लंडनला पोचली. सोळा तास! आधी याच वाटेला अडतीसेक तास लागत. पुढं या गाड्यांवरच्या गार्डाकडे बंदूक असे, शिंग असे आणि पेटीत कुलूपबंद घड्याळ असे. शिंग वाजलं की टोलनाक्याचं फाटक उघडायचं, टोल मागायचा नाही. वेळ पाळण्याची शिस्त रस्त्यावर आली ती पत्रांसाठी. प्रवाशांना ती फुकटात मिळाली.

लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सप्टेंबर १८३० मध्ये सुरू झाली आणि दोन महिन्यांच्या आत, ११ नोव्हेंबरला, तिच्यावर टपाल चढलं. खरी गंमत मात्र १८३८ ची आहे. फ्रेडरिक कार्स्टाट नावाच्या माणसानं सुचवलं, की गाडी धावत असतानाच पत्रं गावावार लावली तर? मग बर्मिंगहॅम–लिव्हरपूल मार्गावर एका डब्यात खण ठोकून वर्गीकरण सुरू झालं. तो डबा मुळात घोडे वाहून नेण्याचा होता. रेल्वेनं टपालाच्या घोड्यांची नोकरी घालवली आणि वर त्यांच्या डब्यातच पत्रांचं ऑफिस थाटलं, याला काय म्हणावं!

पण गाडी गावोगाव थांबायला लागली तर वेग कसला? यावर जी युक्ती निघाली तिच्यासारखी युक्ती मी रेल्वेच्या इतिहासात दुसरी पाहिली नाही. रुळाशेजारी खांब. गाडी यायच्या थोडं आधी टपालखात्याचा माणूस जाड कातड्याच्या वेष्टनात बांधलेली थैली त्या खांबावर टांगून बाजूला होई. डब्याच्या कुशीला एक जाळं घडी करून ठेवलेलं असे. आतला माणूस ते नेमक्या क्षणी बाहेर ढकली. भरधाव गाडीच्या जाळ्यात थैली धाडकन पडे आणि डब्यातून बाहेर टांगलेली थैली रुळाशेजारच्या जाळ्यात जाई. देणं आणि घेणं एका दमात.

तो नेमका क्षण ओळखायचा कसा? रात्रीची वेळ, बाहेर मिट्ट काळोख. पुलाखालून जाताना आवाज बदलतो, डोंगर कापलेल्या कटिंगमध्ये तो घुमतो. अशा खुणांवर कान ठेवून माणूस उभा असे. जाळं लवकर काढलं तर ते पुलाच्या भिंतीवर आदळणार, उशीर झाला तर गावाची थैली खांबावरच राहणार. इंग्लंडमधल्या पेनरिथच्या उत्तरेला ४ ऑक्टोबर १९७१ रोजी हा झेल शेवटचा घेतला गेला.

या गाड्यांत नुसती खुशालीची पत्रं नसत. ८ ऑगस्ट १९६३ च्या पहाटे ग्लासगोहून लंडनला निघालेली टपालगाडी बकिंगहॅमशायरमध्ये खोटा लाल सिग्नल दाखवून थांबवली गेली आणि दरोडेखोरांनी सुमारे २६ लाख पौंड पळवले. गाडी जगभर गाजली ती त्यामुळे. पावणेदोनशे वर्षांत लाखो थैल्या वेळेवर पोचवल्या, त्याची बातमी कोण करणार?

१९९५-९६ मध्ये डर्बीच्या कारखान्यात टपालासाठी खास विजेच्या गाड्या बांधल्या गेल्या. वर्ग ३२५, चार डब्यांचे सोळा संच. रंग लाल, खिडक्या नाहीत, आसनं नाहीत, कुशीला वर सरकणारी शटरं. गावोगावची थैली जाऊन चाकांवरचे जाळीदार पिंजरे आले. वर्गीकरण आता बहुतेक मोठमोठ्या केंद्रांत, यंत्रांवर. या गाड्यांचं काम फक्त वाहून नेण्याचं.

इथंच घात झाला, असं मला वाटतं. पत्रं गाडीत लावली जात तोवर गाडी म्हणजे टपाल ऑफिसच होतं. ते काम गाडीबाहेर जाऊ लागल्यावर ती ट्रकशी स्पर्धा करणारी मालगाडी उरली आणि दारापर्यंत जाणारा ट्रक त्या स्पर्धेत भारी पडतो. २००३ मध्ये रॉयल मेलची रेल्वेकंपनीशी भाड्याची बोलणी फिसकटली. जानेवारी २००४ मध्ये धावत्या टपाल ऑफिसांची शेवटची रात्र झाली, पाठोपाठ लाल गाड्याही थांबल्या. वर्षअखेरीस नाताळच्या गर्दीसाठी लाल गाड्या परत आल्या, पुढं वीस वर्षं टिकल्याही. पण पत्रं आटत गेली, गाड्यांचं वय झालं आणि दुरुस्ती परवडेना. फ्रान्सनं ताशी २७० किलोमीटर वेगाच्या पिवळ्या टीजीव्ही टपालासाठी १९८४ मध्ये काढल्या, त्या २०१५ मध्ये थांबल्या. अमेरिकेतलं शेवटचं धावतं टपाल ऑफिस १९७७ मध्येच बंद झालं होतं.

मग आपल्या मेल कशा वाचल्या? आपल्याकडे अलाहाबाद–कानपूर मार्गावर १८६३ मध्ये गाडीत टपाल लावायला सुरुवात झाली. १९०७ मध्ये त्या खात्याला रेल्वे मेल सर्व्हिस हे नाव मिळालं, आपली आर.एम.एस. पंजाब मेल १९१२ मध्ये सुरू झाली ती मुंबईच्या बॅलार्ड पिअरला लागणाऱ्या विलायती बोटीचं टपाल आणि साहेबलोक उत्तरेला न्यायला. म्हणजे थैलीबरोबर तिच्यात माणसंही होती. विलायती बोटीची डाक बंद झाली तरी माणसं काही संपली नाहीत. ब्रिटनच्या लाल गाडीत बसायला जागाच नव्हती, म्हणून थैली उतरल्यावर तिला जायला भंगारवाड्याखेरीज ठिकाण उरलं नाही. टपालाच्या गोणी आपल्याकडे अजून रेल्वेनं जातात, पण त्या मेल नावाच्याच गाडीत असतील असं काही नाही.

घरातल्या ट्रंकेत आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा असेल तर एकदा सोडून बघा. एखाद्या कार्डावरच्या गोल शिक्क्यात गावाच्या नावाबरोबर किंवा नावाऐवजी ‘आर.एम.एस.’ ही अक्षरं असतील. तसं कार्ड रद्दीत घालू नका.