उघडे यंत्र आणि मुक्त विद्या

एखादी विद्या देशात रुजली की नाही, हे तिची यंत्रे चालविणाऱ्यांच्या संख्येवरून ठरत नाही. ती यंत्रे उघडून, समजून घेऊन पुन्हा घडविणारी माणसे तेथे आहेत काय, यावरून ठरते. या कसोटीस उतरणारे आमच्या कोल्हापूरचे एक उदाहरण संगणकाच्या या युगातही स्मरणीय आहे.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली प्रकाशित झाला. नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव व बाबूराव पेंटर यांस चित्रपटाचा ध्यास लागला, आणि कॅमेरा आपणच घडवावयाचा असे त्यांनी ठरविले. आनंदराव १९१६ साली निवर्तले. परंतु बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली ते काम तडीस नेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला.

हे शक्य झाले, कारण त्या यंत्राचे मर्म डोळ्यांस दिसत होते. फीत क्षणभर थांबवावी, झडप उघडून प्रकाश घ्यावा, झडप मिटताच फीत पुढे ओढावी, एवढाच तो खेळ. ल्यूमिएर बंधूंचे १८९५ चे यंत्र तर चित्र टिपणे व दाखविणे ही दोन्ही कामे करी. लोखंड-पितळ आपले गुपित कुशल कारागिरापासून लपवीत नाही.

संगणकाच्या आज्ञावलीचे तसे नाही. माणसास वाचता येणारी तिची मूळ संहिता निराळी आणि यंत्रास कळणारे तिचे रूप निराळे. केवळ दुसरेच ज्याच्या हाती पडते, तो ती चालवू शकतो. पण सहजी वाचू किंवा सुधारू शकत नाही. याविरुद्ध अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ घोषित केली. आज्ञावली वापरणे, तिचा अभ्यास करून तीत बदल करणे, तिच्या प्रती इतरांस देणे आणि सुधारलेली आवृत्तीही वाटणे, ही तिची चार स्वातंत्र्ये होत. १९८९ साली त्यांनी या हक्कांस परवान्याचे रूप दिले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये रचलेले लिनक्सही पुढील वर्षी त्याच परवान्याखाली आले. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने होणारा घोटाळा मराठीत होण्याचे कारण नाही. 'मुक्त' निराळे आणि 'फुकट' निराळे, हे आपली भाषाच सांगते.

हा प्रश्न परक्यांचा नव्हे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी एका कंपनीच्या टंकात लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की अर्थहीन चिन्हे दिसत. लेखन आपले, भाषा आपली. किल्ली मात्र विक्रेत्याच्या खिशात!

बाबूरावांचे स्वावलंबनही पूर्ण नव्हते, कोरी फीत परदेशातूनच येई. तरी त्यांच्या कारखान्यात शिकलेले दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. यंत्र गुरूजवळ राहिले, समज शिष्यांबरोबर गेली. आमच्या मुलांस संगणक केवळ चालवावयास शिकवावयाचा, की उघडून पाहावयासही, याचा निर्णय पालकांनी व शाळांनी आताच केला पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअरने ते दार उघडे ठेवले आहे. आत शिरण्याचे कष्ट मात्र ज्याचे त्यानेच घ्यावयाचे आहेत.