सहा जिनसा आणि ज्वारी
इस्लामी कायद्याचा जाहिरी पंथ नवव्या शतकात बगदादमध्ये दाऊद इब्न अली (मृत्यू 884) यांनी उभा केला. कुराण आणि हदीस (प्रेषितांची वचने) यांचा उघड अर्थ हा त्यांच्या कायद्याचा पाया. कियास, म्हणजे साम्यावरून काढलेला निर्णय, त्यांना अमान्य होता. हदीसनुसार सोने, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ यांची त्याच जिनसेशी कमीजास्त अदलाबदल व्याज ठरते. कॉर्दोबाचे इब्न हज्म (994–1064) या सहांवरच थांबले. शब्दापुढे न जाण्याची ही शिस्त विलक्षणच. हनफी या दुसऱ्या कायदापंथाने मात्र या नियमामागे माप-वजनाचे कारण शोधले: जे मापून वा तोलून विकले जाते, त्याला हाच नियम. त्या न्यायाने खानदेशची ज्वारीही नियमात येते. खानदेशात मुख्यतः हनफी परंपरा रुजली. औरंगजेबकालीन ‘फतावा-ए-आलमगिरी’ या हनफी कायदाग्रंथाचे संकलनही खानदेशातल्याच बुऱ्हाणपूरच्या शेख निजाम यांच्या देखरेखीखाली झाले.